लांकूड वाळतांना कां तडकतें, व तें कसें राखावें

बांधावरची बाभूळ किंवा विहिरीजवळचा कडुनिंब पंधरा-वीस वर्षें जोपासावा, गरज पडली म्हणून तोडावा, आणि त्याचें खोड अंगणांत पडल्यावर आठ-पंधरा दिवसांतच टोकांपासून उकलूं लागावें, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांस येतो. सुतार म्हणतो, लांकूड हलकें निघालें. शेजारी म्हणतो, झाड अवेळीं तोडलें. घरचीं वडील माणसें म्हणतात, ऊन लागलें. या म्हणण्यांत थोडथोडा सत्यांश आहे. पण मूळ कारण समजल्यावांचून उपाय सांपडत नाहीं, आणि उपाय न केल्यास नुकसान तर ठरलेलेंच. दहा फूट लांबीच्या ओंडक्याचीं दोन्ही टोकें एक एक फूट फाटलीं, तर विकत घेणारा तीं टाकून देऊनच मोजतो. म्हणजे वीस वर्षांच्या झाडाचा पांचवा हिस्सा आठ दिवसांत गेला. तिफणीची दिंड वैशाखांत ओल्या बाभळीची करून घेतली आणि मृगाच्या पेरणीवर ती भोंकांतून चिरली, तर त्या दिवसाच्या वाफशाची किंमत लांकडाच्या किमतीहून कितीतरी मोठी असते.

या लेखांत आम्ही एवढेंच दाखविणार आहोंत कीं, लांकूड वाळल्यामुळें तडकत नाहीं. तें असमान आकसल्यामुळें तडकतें. ही असमानता दोन प्रकारची आहे. पहिली लांकडाच्या घडणींतच असते, ती टाळतां येत नाहीं. तिला जागा करून द्यावी लागते. दुसरी आपल्या घाईमुळें उत्पन्न होते, ती मात्र सर्वस्वीं टाळतां येते.

काळ्या जमिनीचें उदाहरण

आपल्या मराठवाड्यांतील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते हें आपण दरवर्षीं पाहतों. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांत शिरलेलें पाणी निघून गेलें कीं माती आकसते. वरचा थर आधीं वाळतो, खालचा ओलाच असतो. वरच्यास आकसावयाचें असतें, खालचा त्यास आकसूं देत नाहीं. या ओढाताणींत वरचा थर फाटतो. लांकडांतहि हीच क्रिया घडते. भेद इतकाच कीं, मळलेल्या मातीचा गोळा सर्व बाजूंनीं सारखाच आकसतो, पण लांकूड लांबीनें, रुंदीनें आणि घेरानें निरनिराळ्या प्रमाणांत आकसतें.

लांकडांत पाणी कोठें असतें

लांकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची जुडी समजावी. ताज्या लांकडांतील पाणी दोन ठिकाणीं असतें. कांहीं नळ्यांच्या पोकळींत मोकळें भरलेलें असतें, तर कांहीं नळ्यांच्या भिंतींत मुरलेलें असतें. लांकडांतील ओल मोजण्याची रीत अशी कीं, पूर्ण कोरड्या लांकडाचें वजन शंभर धरून त्यावर पाण्याचें वजन किती हें सांगावयाचें. एक तुकडा ओला असतां १५०० ग्रॅम व पूर्ण वाळल्यावर १००० ग्रॅम भरला, तर त्यांत ५० टक्के ओल होती. ताज्या लांकडांत इतकी, आणि कित्येक जातींत याहूनहि पुष्कळ अधिक ओल असते.

वाळतांना आधीं पोकळींतील मोकळें पाणी जातें. हें जात असतांना वजन घटतें, पण आकार बदलत नाहीं. घागर रिकामी झाली म्हणून ती लहान होत नाहीं, तसेंच हें. ओल सुमारें २८ ते ३० टक्क्यांवर आली म्हणजे मोकळें पाणी संपतें व भिंतींत मुरलेलें पाणी निघूं लागतें. येथपासून भिंती बारीक होतात आणि लांकूड आकसूं लागतें. भिंतींतील तंतू बहुतेक उभेच असल्यामुळें त्यांच्यामधील पाणी निघालें कीं ते एकमेकांजवळ येतात, पण त्यांची लांबी फारशी कमी होत नाहीं. म्हणूनच दहा फूट लांबीची तुळई वाळून जेमतेम चार-पांच मिलिमीटर आखूड होते, मात्र तिच्या रुंदींत फरक डोळ्यांस दिसण्याइतका पडतो.

पहिली असमानता : आरा आणि घेर

ओंडक्याचें आडवें कापलेलें टोक पाहिलें तर मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेषा व मध्याभोंवतीं फिरणारीं वलयें दिसतात. हें टोक म्हणजे गाडीचें चाकच. रेषा ते आरे, वलयें तो घेर. आऱ्यांच्या दिशेनें लांकूड कमी आकसतें व घेराच्या दिशेनें त्याच्या सुमारें दुप्पट. आऱ्यांच्या रेषांतील पेशी आडव्या बसलेल्या असून त्या दिशेस होणाऱ्या आकुंचनास त्या आडकाठी करितात, हें याचें एक कारण आहे. साग हें या बाबतींत अत्यंत सभ्य लांकूड समजलें जातें. तरी तेंहि ओल्यापासून पूर्ण कोरडें होईपर्यंत आऱ्यांच्या दिशेनें सुमारें अडीच टक्के व घेराच्या दिशेनें सुमारें पावणेसहा टक्के आकसतें.

याचा परिणाम हिशेबानें पाहूं. ओंडक्याची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरली, तर घेर ९४ सेंटिमीटरांच्या किंचित वर होतो. त्रिज्या अडीच टक्क्यांनीं आकसली, म्हणजे नवा घेर सुमारें ९२ सेंटिमीटर हवा. पण घेरावरचें लांकूड पांच टक्के जरी आकसलें तरी तें साडेएकोणनव्वद सेंटिमीटरच उरतें. हे कमी पडलेले सवादोन-अडीच सेंटिमीटर आणावयाचे कोठून? ते भेगेच्या रूपानें मोकळे राहतात. म्हणूनच अखंड ओंडक्याची मोठी भेग नेहमीं सालीकडे रुंद व मध्याकडे निमुळती अशी पाचरीच्या आकाराची असते. मध्य ज्याच्या पोटांत राहिला आहे असा गोल ओंडका कितीहि जपून वाळविला तरी त्यास भेग पडण्याची ओढ राहतेच. यांत लांकडाचा दोष नाहीं आणि सुताराचाहि नाहीं.

मध्य काढून टाकला किंवा मध्यांतून ओंडका चिरला, तर मात्र ही अडचण सुटते. अर्धा केलेला ओंडका वाळतांना त्याची सपाट बाजू किंचित उंचवटते आणि ताण निघून जातो. चार फाका केल्यास तो आणखी सुटा होतो. पखवाजाचें खोड आंतून कोरलेलें असतें, गाडीच्या चाकाचा तुंबा कण्यासाठीं मधोमध भोंक पाडलेला असतो. दोन्ही ठिकाणीं आंतील गाभा गेल्यामुळें उरलेल्या लांकडास आकसावयास वाव मिळतो.

दुसरी असमानता : बाहेर कोरडें, आंत ओलें

आतां घाईमुळें होणाऱ्या भेगा पाहूं. चिरलेलें ओलें लांकूड उन्हांत किंवा लू वाहत असतां उघडें ठेवलें, तर त्याचा वरचा पापुद्रा एक-दोन दिवसांतच तीस टक्क्यांच्या खालीं उतरतो व आकसूं पाहतो. आंतील लांकूड अद्यापि ओलें, म्हणून तें आकसत नाहीं. काळ्या जमिनीप्रमाणेंच येथेंहि वरचा थर ताणला जाऊन फाटतो. पृष्ठभागावर दिसणाऱ्या केसासारख्या बारीक चिरा त्या याच. पुढें आंतील भागहि वाळून आकसला म्हणजे या चिरा वरून मिटल्यासारख्या दिसतात. परंतु एकदां तुटलेले तंतू पुन्हां जुळत नाहींत. तेल-रंग दिल्यानंतर त्या पुन्हां उमटतात, आणि घेणाऱ्यास वाटतें कीं रंग वाईट होता.

टोकांची गोष्ट याहून वाईट. नळ्या उभ्या असल्यामुळें पाणी आडवें जाण्यापेक्षां लांबीच्या दिशेनें दहा-पंधरा पट वेगानें बाहेर पडतें. त्यामुळें ओंडक्याचीं व फळ्यांचीं टोकें मधल्या भागाच्या पुष्कळ आधीं वाळतात व तेथूनच फाटावयास आरंभ होतो. टोकास सुरू झालेली चीर पाचर ठोकल्यासारखी आंत सरकत जाते.

जात जितकी घट्ट व जड, तितकें आंतील पाणी बाहेर येण्यास जास्त वेळ लागतो आणि हा धोका वाढतो. सावरीचें हलकें लांकूड त्रास न देतां झटपट वाळतें. साग मध्यम आहे. धावडा व साल हीं वाळविण्यास अतिशय हट्टी गणलीं जातात. बाभूळहि जड असल्यामुळें तिला सागाहून जास्त सांवली व जास्त सवड द्यावी, हें बरें.

क्रांती चौकांतील फळी

आपल्या भागाची हवा या कामीं विशेष कठोर आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील क्रांती चौक आपल्यापैकीं बहुतेकांच्या वाटेवरचा. जालना रस्ता तेथूनच जातो. त्या चौकांतील एखाद्या पडवींत, ऊन-पाऊस लागणार नाहीं अशा जागीं, वाळलेल्या सागाची २० सेंटिमीटर रुंदीची फळी वर्षभर टांगून ठेवली आहे अशी कल्पना करूं.

लांकूड हवेंतील दमटपणाप्रमाणें सतत पाणी घेत व सोडीत असतें. श्रावण-भाद्रपदांत येथील हवेची सापेक्ष आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्के असते. तेव्हां फळींतील ओल १५ टक्क्यांच्या आसपास जाते. चैत्र-वैशाखांत दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या जवळपास उतरते. रात्रीचा थोडा दमटपणा जमेस धरला तरी फळींतील ओल सहा-सात टक्क्यांवर येते. म्हणजे एका वर्षांत आठ-नऊ टक्क्यांची चढउतार. वलयें फळीच्या पृष्ठाशीं समांतर राहतील अशी ती चिरलेली असेल, तर पावसाळ्याच्या मानानें उन्हाळ्यांत ती सुमारें साडेतीन मिलिमीटर अरुंद होते. वलयें जाडींत उभीं राहतील अशी चिरलेली असेल, तर सुमारें दीड मिलिमीटरच. ती मोकळी टांगलेली आहे तोंवर कांहीं बिघडत नाहीं. पण हीच फळी दोन्ही कडांस खिळे मारून दारावर जखडली, तर हे साडेतीन मिलिमीटर ती कोठून आणणार? ती मधोमध फाटते.

कोंकणच्या किनाऱ्यावर हवा वर्षभर दमट असल्यामुळें ही चढउतार लहान असते. तेथें बनविलेलें दार येथें आणून बसविलें तर पहिल्याच उन्हाळ्यांत तें उघडें पडतें. याच कारणानें भारतीय मानक २८७ मध्यें हवेच्या आर्द्रतेप्रमाणें देशाचे चार विभाग केले असून, कोणत्या विभागांत कोणत्या कामाच्या लांकडांत किती ओल चालेल हें ठरवून दिलें आहे. बैलगाडीच्या लांकडी चाकाची धाव उन्हाळ्यांत सैल पडत असे व गाडीवान चाक ओढ्याच्या पाण्यांत उभें करून ती घट्ट करीत, तोहि याच नियमाचा अनुभव होय.

शेतकऱ्यानें काय करावें

१. तोड पावसाळ्यानंतर, कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास करावी. तेव्हां हवा थंड असते, लांकूड सावकाश वाळतें, आणि वैशाखाचें ऊन लागण्यापूर्वीं पृष्ठभाग व गाभा यांतील अंतर पुष्कळ कमी झालेलें असतें. साग, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, मोह, हिरडा इत्यादि झाडें वृक्षतोडीसंबंधीच्या १९६४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या अनुसूचींत आहेत व त्यांच्या तोडीस आधीं परवानगी लागते. म्हणून अर्ज वेळेवर करावा. परवानगी चैत्रांत हातीं आली तर तोडहि चैत्रांत करण्याचा मोह होतो.

२. तोडल्याच दिवशीं दोन्ही टोकांस लेप द्यावा. डांबर किंवा जाड तेलरंग उत्तम. तें नसेल तर शेण व चिकणमाती यांचा जाड लेप द्यावा, व तो गळून पडल्यास पुन्हां लावावा. हा लेप पाणी अजिबात अडवीत नाहीं, पण वेग कमी करितो. आपणांस तेंच हवें असतें. टोक फाटल्यानंतर लेप देणें व्यर्थ आहे.

३. ओंडका गोल ठेवूं नये. ज्या कामासाठीं लांकूड हवें असेल त्या मानानें तो लवकर चिरून घ्यावा. निदान मध्यांतून उभा दुभंगून ठेवावा. दिंड, जूं, चौकट यांसाठीं कापतांना खोडाचा मध्य तुकड्याच्या पोटांत राहणार नाहीं असें सुतारास सांगावें. खांब गोलच ठेवावयाचा असेल, तर जी बाजू भिंतींत जाणार त्या बाजूनें मध्यापर्यंत करवतीचा एक उभा काप द्यावा. भेग पडावयाची ती तेथेंच पडते व दर्शनी बाजू शाबूत राहते.

४. चिरलेल्या फळ्यांची थप्पी सांवलींत रचावी. जमिनीपासून हातभर उंच सपाट ओटा करून, प्रत्येक दोन थरांमध्यें एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर ठेवाव्या. सर्व थरांतील पट्ट्या एकाखालीं एक येतील असें पाहावें, नाहींतर फळ्या वांकड्या होतात. अगदीं टोकाशींहि एक पट्टी हवी. वर पत्र्याचें किंवा छपराचें आच्छादन करून त्यावर दगडांचें ओझें ठेवावें. उन्हाळ्यांत पश्चिमेकडून लू येते त्या बाजूस तट्ट्या किंवा गोणपाट बांधावें. पण चारहि बाजू बंद करूं नयेत, कारण कोंदट जागीं बुरशी येते.

५. वाळलें कीं नाहीं हें तराजूनें ठरवावें. थप्पींतील एक फळी खूण करून दर पंधरा दिवसांनीं तोलावी व वजन लिहून ठेवावें. ओळीनें तीन तोलांत वजन बदललें नाहीं, म्हणजे ती हवेशीं समतोल झाली असें समजावें. एक इंच जाडीच्या फळ्या कार्तिकांत रचल्या तर बहुधा तीन-चार महिन्यांत वाळतात. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीहून जास्त लागतो, हें ध्यानांत ठेवावें.

६. जोडणी करितांना लांकडास हलावयास जागा ठेवावी. दाराची रुंद फळी चौकटीच्या खांचेंत सुटी बसवावी, तिला सरस किंवा खिळा लावूं नये. पावसाळ्यांत काम केल्यास फळी व खांच यांत फारशी फट ठेवण्याचें कारण नाहीं. उन्हाळ्यांत केल्यास दोन-तीन मिलिमीटर सोडावे, नाहींतर पावसाळ्यांत फुगून दार अडतें. टोकाजवळ खिळा मारण्यापूर्वीं बारीक भोंक पाडावें.

ब्रह्मदेशांत सागाचें झाड तोडण्यापूर्वीं दोन-तीन वर्षें त्याच्या बुंध्याभोंवतीं साल व बाहेरचें पांढरट लांकूड कापून झाड उभेंच वाळवीत असत, कारण ओला साग नदींत तरंगत नाहीं. उभ्या झाडांत वाळण्याची गति मंद असल्यामुळें तें लांकूड समजूतदार निघे. आपल्या बांधावरील एक-दोन झाडांसाठीं हा खटाटोप करण्याचें कारण नाहीं. परंतु घाई न करण्याचें त्यामागील तत्त्व तेंच आहे.

भेग पडलीच तर

प्रत्येक भेग सारखी घातक नसते. माळवदाच्या घरांतील उभ्या खांबास लांबीच्या दिशेनें भेग पडली, तर वरचा भार तंतूंच्या लांबीनेंच खालीं उतरत असल्यामुळें बळ फारसें कमी होत नाहीं. लोखंडी पट्ट्यांनीं खांब आवळला म्हणजे पुरे. तुळईची गोष्ट वेगळी. तिच्या टोकांजवळ, जाडीच्या मध्यावर आडवी भेग दोन्ही अंगांस दिसूं लागली, तर तुळईचे वरचा व खालचा असे दोन भाग एकमेकांवर सरकूं पाहतात आणि माळवदाच्या मातीचा भार धोकादायक होतो. अशा तुळईखालीं विलंब न लावतां टेकू द्यावा व ती बदलावी. अवजाराच्या भोंकांतून जाणारी भेगहि दुरुस्त होत नाहीं. तो तुकडा दुसऱ्या कामास लावावा.

नीट वाळलेलें लांकूड ओल्याहून बळकट असतें आणि कोरडें राहिलें तर कुजत नाहीं. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताच्या लांकडी फासळ्या सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. आपल्या वेरूळच्या दहाव्या लेण्यांत, ज्यास लोक ‘सुतार का झोंपडा’ म्हणतात, त्याच फासळ्या पाषाणांत कोरलेल्या आहेत. तेथील कारागिरांस आकसण्याची चिंता नव्हती. आपणांस ती आहे. पण तिला लागणारा खर्च म्हणजे थोडें डांबर, चार पट्ट्या, सांवलीची जागा आणि एका हिवाळ्याचा धीर, एवढाच आहे. येत्या कार्तिकांत ज्यांस झाड उतरावयाचें असेल त्यांनीं करवत लावण्यापूर्वीं लेपाचें भांडें व पट्ट्या तयार ठेवाव्या, आणि दोन फळ्या लेप देऊन व दोन न देतां रचून अंतर स्वतःच पाहावें, अशी आमची सूचना आहे.